दाराच्या पोटांतलें पाणी



आषाढांतली एखादी रात्र मुसळधार पावसांत जाते. सकाळीं अंगणांतल्या जुन्या मोटारीचें दार उघडावें, तों पायाखालची चटई भिजून चिंब झालेली! कांच वरपर्यंत चढविलेली होती, दारही नीट लागलेलें होतें. मग पाणी आलें कोठून? कारागीर खिडकीच्या कडेच्या भेगाळलेल्या रबराकडे बोट दाखवितो. आपण नवें रबर बसवून घेतों आणि निश्चिंत होतों. पुढच्या झडीला चटई पुन्हां ओली ती ओलीच. या कोड्याचा उलगडा करावा, आणि त्याबरोबरच जुन्या गाडीच्या खिडकीचें रबर व दाराचें आंतलें अस्तर नीट कसें करावें हें सांगावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्यांत या विषयाला विशेष महत्त्व आहे. येथें वर्षाला सरासरीनें सुमारें १३०० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यांतला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. त्याआधींच्या वैशाख-ज्येष्ठांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. उन्हाळा रबर फोडतो आणि पावसाळा ती फूट उघडकीस आणतो. ज्यांच्या घरीं वडिलांच्या वेळची अँबॅसडर किंवा फियाट अजून जपलेली आहे, त्यांना हें निराळें सांगावयास नको. बंगालमधील उत्तरपाडा येथें, मॉरिस ऑक्सफर्ड या इंग्रजी गाडीच्या धर्तीवर तयार होणारी अँबॅसडर २०१४ सालीं बंद झाली. वालचंद हिराचंद यांनीं उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतली फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, तीही बंद होऊन दोन तपें होऊन गेलीं. मुंबईच्या रस्त्यांवरून टॅक्सी म्हणून तिनें ऑक्टोबर २०२३ मध्यें निरोप घेतला. या गाड्यांसाठीं रबराची पट्टी आजही बनवून मिळते. दार मात्र कारखान्यांतून पुन्हां यावयाचें नाहीं. म्हणून पट्टीसाठीं दार गमावूं नये, हा या सर्व उद्योगांतला पहिला विचार.

आतां कोड्याकडे वळूं. आपल्या जिल्ह्याला तळ्यांचा जिल्हा म्हणतात. कोहळी समाजानें पिढ्यान्‌पिढ्या बांधलेलीं मालगुजारी तळीं आपण पाहतों. तळें बांधणाऱ्यास एक गोष्ट पक्की ठाऊक असे, कीं पाळ कितीही भक्कम घातली तरी जादा पाण्याला सांडव्यानें वाट दिली नाहीं तर एका रात्रींत पाळ फुटते. मोटारीचें दार करणाऱ्यांनींही हाच हिशेब केलेला आहे. दार म्हणजे दोन पत्र्यांमधली पोकळ पेटी. कांच खालीं उतरते ती या पेटींत. कांच सरकावयाची म्हटल्यावर तिच्या अंगाशीं रबर इतकें आवळतां येत नाहीं कीं थेंबही आंत जाऊं नये. तेव्हां कांचेवरून ओघळणारें कांहीं पाणी दाराच्या पोटांत उतरणार, हें गृहीतच धरलेलें असतें. त्याला बाहेर पडण्यासाठीं दाराच्या तळच्या कडेला बारीक भोंकें किंवा खांचा ठेवलेल्या असतात. हाच दाराचा सांडवा.

धूळ, कडुनिंबाचीं पानें आणि रंगाचे थर यांनीं हीं भोंकें बुजतात. मग पाणी पोटांत सांठतें, आंतल्या अस्तराला भिजवितें आणि उंबऱ्यावरून चटईवर येतें. वरचें रबर नवें असो वा जुनें, या पाण्याला त्याचें सोयरसुतक नाहीं. याहून वाईट म्हणजे सांठलेलें पाणी पत्र्याला आंतून खातें. हा प्रमाद मीं स्वतः केलेला आहे. आमच्या गाडीच्या दाराखालून धूळ आंत शिरते असें वाटून मीं तीं भोंकें एका उन्हाळ्यांत लांबी भरून मोठ्या नेटकेपणानें बंद केलीं. दोन पावसाळे गेले. तिसऱ्या वर्षीं गाडी धुतांना दाराच्या तळाशीं रंगाला फोड आलेला दिसला. बोट दाबलें तों तें पत्र्यांतून आरपार गेलें. रबराच्या दहापट खर्च त्या दाराला लागला, आणि तरीही तें पूर्वीचें दार राहिलें नाहीं.

आतां रबराविषयीं थोडें. सगळीं रबरें एका कामाचीं नसतात. दाराच्या चौकटीभोंवतीं जें जाड, पोकळ रबर असतें, तें दार मिटल्यावर दाबलें जातें आणि पाणी, धूळ व वारा यांना खरोखर अडवितें. कांच ज्या पन्हळींतून वरखालीं जाते तिला नमद्याचें किंवा मखमली रबराचें अस्तर असतें. त्याचें काम कांचेला न खडखडतां सरकूं देणें. तिसरी पट्टी कांच जेथें दारांत शिरते तेथें, बाहेरच्या पत्र्याच्या कांठावर असते, आणि तिची जोडीदार आंतल्या बाजूस. या दोघी कांच पुसून घेतात आणि बहुतेक पाणी बाहेरच्या बाहेर घालवितात. बाहेरची पट्टी उन्हांत सर्वांत अधिक भाजते, म्हणून आधीं तीच जाते.

रबर फुटतें कां? १८३९ सालीं चार्ल्स गुडइयर यानें कच्च्या रबरांत गंधक मिसळून तें तापविण्याची युक्ति शोधली, तेव्हांपासून रबर टिकाऊ झालें. तरीही नैसर्गिक रबराच्या रेणूंच्या साखळींत जे दुहेरी बंध उरतात, त्यांवर हवेंतला ओझोन वायु हल्ला करतो. रबर ताणलेलें असेल तर ताणाच्या आडव्या दिशेनें भेगा पडत जातात. ऊन आणि उष्णता या कामाला हातभार लावतात. १९६० नंतरच्या दशकांत ईपीडीएम नांवाचें कृत्रिम रबर वापरांत आलें. त्याच्या मुख्य साखळींत असे दुहेरी बंध नसल्यामुळें तें ऊन व ओझोन यांना पुष्कळ दाद देत नाहीं. पट्टी घेतांना हेंच मागून घ्यावें, आणि जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा कापून बरोबर न्यावा. नुसत्या गाडीच्या नांवावर भरंवसा ठेवूं नये, आकार ताडून पाहावा.

आतां प्रत्यक्ष काम. तें पावसाळ्यापूर्वीं, सकाळच्या वेळीं काढावें. कांच पूर्ण वर चढवून लांकडी पाचर मारून ठेवावी, म्हणजे ती अवचित खालीं घसरणार नाहीं. नंतर कांच फिरविण्याची मूठ व दाराची मूठ काढावी. जुन्या गाड्यांत ही मूठ कोठें आडव्या खिळीनें, कोठें नालाच्या आकाराच्या क्लिपेनें, तर कोठें मधल्या स्क्रूनें धरलेली असते. तें ओळखल्याशिवाय ओढाताण करूं नये. मग आंतलें अस्तर, ज्याला बाजारांत ‘डोअर पॅड’ म्हणतात, तें कडेनें सोडवावें. पेचकसाच्या पात्याला फडकें गुंडाळावें आणि तें प्रत्येक क्लिपेच्या अगदीं जवळ घालून हलकेंच उचलावें. दूरवरून उचललें कीं पुठ्ठा फाटतो आणि क्लिप जागच्या जागीं राहते.

पॅडच्या मागें प्लॅस्टिकचा किंवा डांबरी कागदाचा एक पडदा असावा लागतो. बहुतेक जुन्या गाड्यांत तो कोणत्यातरी दुरुस्तींत फाडून फेकून दिलेला आढळतो, आणि चटई ओली होण्याचें दुसरें मोठें कारण तेंच. हातमोजे घालून दाराच्या तळांत हात घालावा, कारण पत्र्याच्या कडा धारदार असतात. गाळ काढावा, भोंकें बांबूच्या काडीनें मोकळीं करावीं आणि तांब्याभर पाणी आंत ओतावें. पाणी खालून धारेनें वाहिलें म्हणजे सांडवा मोकळा झाला. दार कोरडें झाल्यावर गंज ब्रशानें घांसून, गंजरोधक रंग द्यावा. रंग सुकण्यापूर्वीं भोंकांतून पुन्हां काडी फिरवावी.

रबर बसवितांना मोह होतो तो ताणण्याचा. ताणलें कीं तें सफाईनें बसतें. परंतु महिन्या-दोन महिन्यांनीं आकसून सांध्याशीं फट पडते, आणि ताणलेलें रबर आधीं भेगाळतें हें आपण पाहिलेंच. म्हणून उन्हांत थोडा वेळ पसरून त्याच्या घड्या मोडाव्या, बोटभर लांब कापावें आणि किंचित् दाबून बसवावें. सांधा चौकटीच्या वरच्या बाजूस येऊं देऊं नये. जुना डिंक व गंज काढून जागा स्वच्छ केल्याशिवाय नवें रबर धरणार नाहीं. चिकटद्रव दोन्ही पृष्ठभागांस लावून, बोटाला न चिकटण्याइतका सुकल्यावरच दाबावा. बाहेरच्या पट्टीच्या क्लिपा गंजलेल्या असतील तर त्याही नव्या घालाव्या. रबरावर ग्रीस, रॉकेल वा इंजिनाचें तेल कधींही लावूं नये. त्यानें रबर फुगतें आणि मऊ पडतें. साबणाचें पाणी किंवा शंखजिऱ्याची भुकटी पुरे.

पॅडचा पुठ्ठा पाण्यानें फुगलेला असेल तर तो वाळवून सरळ होत नाहीं. त्याला नमुना धरून नवा हार्डबोर्ड किंवा पाण्यांत टिकणारें पातळ प्लायवूड कापावें. भोंकें आधीं पाडावीं आणि मग दोन्ही बाजूंना, विशेषतः कडांना, व्हार्निशचे दोन हात द्यावे. पाणी पुठ्ठ्यांत शिरतें तें कडेनें. जुनें रेक्झिन शाबूत असेल तर टाकूं नये. सौम्य साबणाच्या पाण्यानें पुसून, हळूहळू सोडवून, नव्या पाटीवर मधून कडेकडे ओढीत बसवावें. कोंपऱ्यांशीं मागच्या बाजूस लहान खांचे दिले कीं चुण्या पडत नाहींत. पॅड लावण्यापूर्वीं जाड प्लॅस्टिकचा नवा पडदा चिकटवावा. त्याची खालची कड दाराच्या आंत खोंचावी, म्हणजे त्यावरून ओघळणारें पाणी पुन्हां पोटांतच पडेल. ही कड बाहेर राहिली तर सर्व श्रम व्यर्थ होत.

शेवटीं परीक्षा. कागदाची पट्टी दारांत धरून दार लावावें आणि ती ओढावी. ती अडखळत यावी. जेथें सहज सुटून येते तेथें रबर दबत नाहीं, म्हणजे दाराचें बिजागर किंवा कुलुपाची पकड सरकवून घ्यावयास हवी. नंतर एकानें विजेरी घेऊन आंत बसावें आणि दुसऱ्यानें बाहेरून पाणी ओतावें, आधीं खालीं, मग कांचेच्या मुळाशीं, शेवटीं टपाजवळ. ज्या पायरीस आंत थेंब दिसेल तेथें दोष. पायाच्या पॅडलांजवळ पाणी दिसलें तर मात्र दार निर्दोष समजावें आणि समोरच्या कांचेचें रबर पाहावें.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते आणि पुढें दर पांच वर्षांनीं गाडी तपासून ती वाढवून घ्यावी लागते. तपासणाऱ्याच्या डोळ्यांत चकचकीत पॅडपेक्षां उंबऱ्याचा कुजका पत्रा आधीं भरतो. म्हणून दरवर्षीं रोहिणी नक्षत्र लागलें कीं, शेतकरी जसा बांध्यांची डागडुजी काढतो, तशी बांबूची एक काडी घेऊन गाडीच्या चारही दारांखालून फिरवावी. या कामाला पाव तास लागतो आणि खर्च कांहींच नाहीं.