संमतिवयाचा वाद : श्रद्धा, शंका आणि कायदा

धर्मश्रद्धा, धर्मशास्त्र आणि राज्याचा कायदा यांचा परस्परांशीं संबंध काय असावा, हा प्रश्न लोकशाही राज्यांत पुनः पुनः उपस्थित होतो. एक पक्ष म्हणतो, धर्माला कायद्यानें हात लावूं नये. दुसरा म्हणतो, जुन्या ग्रंथांतील आज्ञांना आज किंमत कसली? दोन्ही पक्ष आवेशानें बोलतात आणि मूळ प्रश्न बाजूस राहतो. तो उकलून पाहावयाचा असेल, तर सुमारें एकशें पस्तीस वर्षांपूर्वीं मुंबई-पुण्यांत गाजलेल्या एका वादाकडे वळावें. तो म्हणजे १८९१ सालचा संमतिवयाचा वाद.

संमतिवय म्हणजे काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. १८६० च्या दंडविधानानें असें ठरविलें होतें कीं, दहा वर्षांखालील मुलीशीं शरीरसंबंध करणें हा गुन्हा आहे. मग तो करणारा तिचा पति कां असेना. दहा वर्षें पुरीं झालीं कीं विवाहित मुलीला हें संरक्षण उरत नसे. १८९० सालीं कलकत्त्यास फुलमणि नांवाच्या बालवधूच्या मृत्यूचा खटला चालला. पतीच्या समागमामुळें ती प्राणास मुकली होती. परंतु तिनें दहावें वर्ष ओलांडलेलें असल्यामुळें पतीवर बलात्काराचा गुन्हा लागू झाला नाहीं. केवळ दुखापतीच्या गुन्ह्याबद्दल त्यास एक वर्षाची सक्तमजुरी झाली. कायद्यांतील ही उणीव सर्वांच्या डोळ्यांपुढें आली, आणि जानेवारी १८९१ मध्यें दहाची मर्यादा बारा करणारें बिल व्हाइसरॉयच्या कौन्सिलांत मांडण्यांत आलें.

मुंबई इलाख्यांतील लोकांचीं मनें याआधींच एका खटल्यानें ढवळून निघालीं होतीं. रखमाबाई यांचा विवाह त्यांच्या अकराव्या वर्षीं झाला. परंतु त्या सासरीं नांदावयास गेल्या नाहींत. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरीं राहून त्या शिकत राहिल्या. १८८४ सालीं त्यांचे पति दादाजी भिकाजी यांनीं हायकोर्टांत फिर्याद केली. न्या. पिन्हे यांनीं निकाल रखमाबाईंच्या बाजूनें दिला. अपिलांत तो टिकला नाहीं. मार्च १८८७ मध्यें न्या. फॅरन यांनीं हुकूम केला कीं, त्यांनीं पतीच्या घरीं जावें, नाहीं तर सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी. रखमाबाईंनीं कैद पत्करण्याची तयारी दाखविली. अखेर १८८८ सालीं दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. पुढें त्या विलायतेस गेल्या, १८९४ सालीं डॉक्टर झाल्या, आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं दीर्घकाळ रुग्णसेवा केली. या खटल्यांत एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. धर्म बुडाला म्हणून जी ओरड झाली ती ज्या हक्कासाठीं, तो हक्क न्यायालयाकडून सक्तीनें बजावून घेण्याची रीत हिंदु धर्मशास्त्रांतील नव्हती. ती इंग्लंडमधील चर्चच्या न्यायालयांतून येथें आली होती. धर्माची म्हणून जी आज्ञा पुढें केली जाते, ती खरोखर कोठून आली याची चौकशी करणें हा धर्मद्रोह नव्हे, हें यावरून दिसतें.

१८९१ च्या बिलावर मुख्य आक्षेप गर्भाधान संस्काराचा होता. प्रथम ऋतुदर्शनानंतर हा संस्कार व्हावा, अशी रूढि होती. बाराव्या वर्षाच्या आंत ऋतुप्राप्ति झाली तर कायदा धर्मकृत्याच्या आड येईल, असें विरोधकांचें म्हणणें होतें. यावर महाराष्ट्रांतील तीन थोर विद्वानांनीं तीन निरनिराळ्या भूमिका घेतल्या.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनीं आक्षेपास शास्त्रानेंच उत्तर दिलें. मूळ संस्कृत वचनें तपासून त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, पहिल्याच ऋतूंत गर्भाधान झालें पाहिजे अशी सक्ती शास्त्रांत नाहीं. सबब कायद्यानें धर्म बुडत नाहीं.

लोकमान्य टिळकांनीं भांडारकरांच्या अर्थनिर्णयावर हरकत घेतली. परंतु त्यांचा खरा मुद्दा निराळा होता. परक्या सरकारनें आमच्या घरांत कायदे करूं नयेत, १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यांत धर्मांत हात न घालण्याचें अभिवचन आहे, आणि सुधारणा लोकशिक्षणानें झाली पाहिजे, असें ते म्हणत. टिळकांना बालविवाह प्रिय होता, असें मात्र समजूं नये. मुलीचें लग्न सोळा वर्षांपूर्वीं व मुलाचें वीस वर्षांपूर्वीं करणार नाहीं, असें सुधारकांनीं आधीं स्वतःस बांधून घ्यावें, ही सूचना त्यांनींच १८९० सालीं पुढें केली होती.

तिसरे गोपाळ गणेश आगरकर. ते अज्ञेयवादी होते आणि तें लपवीत नसत. शास्त्रांत काय आहे हा प्रश्न त्यांनीं निर्णायक मानलाच नाहीं. एखादी रूढि मनुष्यास दुःख देते कीं सुख, हें बुद्धीनें तपासावें आणि अनिष्ट ठरल्यास ती सोडावी, हें ‘सुधारक’ पत्राचें धोरणच होतें. बिलाला त्यांनीं उघड पाठिंबा दिला.

नीट पाहिलें तर येथें एक नव्हे, तीन प्रश्न आहेत. श्रद्धा खरी कीं खोटी, हा पहिला. शास्त्र काय सांगतें, हा दुसरा. आणि राज्यानें काय करावें, हा तिसरा. वादांत हे तिन्ही एकमेकांत मिसळले म्हणजे गोंधळ होतो. भांडारकरांचा मार्ग श्रद्धावानांस जवळचा. पण उद्यां एखाद्या पंडितानें अधिक बळकट वचन काढलें, तर मुलीचा जीव त्या वचनावर टांगून ठेवावयाचा काय? आगरकरांचा मार्ग सरळ. पण ज्याची श्रद्धा दृढ आहे तो पहिल्याच वाक्यास कान बंद करतो. टिळकांच्या आक्षेपांतील स्वराज्याची तळमळ खरी. पण समाज शिकून शहाणा होईपर्यंत मधल्या काळाची किंमत कोणीं द्यावी, या प्रश्नाला तेथें उत्तर नाहीं.

बिल १९ मार्च १८९१ रोजीं संमत झालें. मात्र टिळकांच्या म्हणण्यांतील एक भाग अनुभवानें खरा ठरला. सर मोरोपंत जोशी यांच्या समितीनें १९२९ सालीं अहवाल दिला, तेव्हां असें आढळलें कीं, हा कायदा बहुसंख्य लोकांना ठाऊकच नव्हता. कायदा केल्यानें काम संपत नाहीं. तो घरोघरीं पोंचावा लागतो.

टिळकांचा दुसरा आक्षेप, परकी सत्तेचा, स्वातंत्र्यानंतर उरला नाहीं. १९५० च्या राज्यघटनेनें पंचविसाव्या कलमांत प्रत्येकास अंतःकरणाचें स्वातंत्र्य दिलें. श्रद्धा ठेवणारा आणि शंका घेणारा, दोघांनाहि त्याच कलमाचा आधार आहे. परंतु तें स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीति, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या मर्यादेंत ठेविलें असून समाजसुधारणेचे कायदे करण्याची मुभा राज्यास राखून ठेविली आहे.

तरीहि १८९१ चे तीन मार्ग लोपलेले नाहींत. २२ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मुसलमान समाजांतील एका दमांत तीनदां उच्चारलेला तलाक तीन विरुद्ध दोन मतांनीं रद्द केला. बहुमतांतील एका न्यायमूर्तींनीं, ही चाल कुराणाच्याच विरुद्ध आहे, असें म्हटलें. दोघांनीं ती समतेच्या हक्काच्या कसोटीवर टाकाऊ ठरविली. अल्पमतांतील दोघांनीं, हें काम न्यायालयाचें नव्हे, विधिमंडळाचें आहे, अशी भूमिका घेतली. भांडारकर, आगरकर आणि टिळक यांची आठवण व्हावी अशीच ही विभागणी होती. धर्म वेगळा, काळ वेगळा. प्रश्न मात्र तेच. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत न्यायालयानें आणखी एक निकाल दिला. पत्नीच्या बाबतींत संमतिवय तोंवर पंधराच राहिलें होतें, तें अठरा झालें. फुलमणीच्या खटल्यापासून येथवर येण्यास १२७ वर्षें लागलीं.

यावरून वाद करणारांनीं एक शिस्त घेण्यासारखी आहे. देव आहे कीं नाहीं, याचा निकाल लागेपर्यंत कायदा थांबूं शकत नाहीं. आणि तो लागण्याची जरुरीहि नाहीं. श्रद्धावान व नास्तिक यांचें ईश्वराविषयीं एकमत झालें नाहीं, तरी एका प्रश्नावर त्यांना एकत्र बसतां येतें : या चालीचा भार कोणाच्या देहावर व आयुष्यावर पडतो, आणि त्या व्यक्तीचें म्हणणें कोणीं ऐकलें काय? रखमाबाईंनीं १८८५ सालीं ‘एक हिंदु स्त्री’ या नांवानें वर्तमानपत्रांत पत्रें लिहून आपलें म्हणणें मांडलें. त्यांना अक्षरओळख होती आणि पाठीशीं घर होतें. फुलमणीजवळ यांपैकीं कांहींच नव्हतें. सभा भरल्या, वचनें निघालीं, प्रतिवचनें निघालीं. पण ज्यांच्यासाठीं तो वाद होता त्या मुली त्यांपैकीं एकाहि सभेंत बोलण्यास उभ्या नव्हत्या. धर्म आणि कायदा यांच्या पुढील प्रत्येक वादांत प्रथम त्यांची जागा करून द्यावी, मग वचनें काढावीं.