एका प्रजातीची विभागणी : ‘सिताना’ आणि ‘सरडा’

वर्गीकरणशास्त्रात ‘प्रजाती’ म्हणजे परस्परांच्या निकट असलेल्या जातींचा गट. शास्त्रीय नावातील पहिला शब्द प्रजातीचा असतो आणि दोन्ही शब्द मिळून जातीचे नाव होते. हा भेद एका उदाहरणावरून समजून घेऊ.

उन्हाळ्यात माळावरील दगडावर चढून गळ्याखालची झालर पंख्यासारखी फुलवणारा लहान सरडा आपण कदाचित पाहिला असेल. मादीला आकर्षित करण्यासाठी व प्रतिस्पर्ध्याला दूर ठेवण्यासाठी नर तिचा उपयोग करतो. अशा सरड्यांसाठी फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी १८२९ मध्ये ‘सिताना’ ही प्रजाती स्थापन केली. मागच्या पायाला पाचऐवजी चारच बोटे असणे, ही तिची ठळक खूण होय.

२०१६ मध्ये दीपक, वरद गिरी, प्रवीण कारंथ आदी संशोधकांनी भारतीय द्वीपकल्पातील नमुन्यांची शरीररचना व डीएनए यांचा एकत्रित अभ्यास केला. त्यातून दोन स्वतंत्र शाखा स्पष्ट झाल्या. चार बोटे दोन्हींत समान आहेत. म्हणजे ही खूण नाते सांगते, एकरूपता नव्हे. एका शाखेतील नर आकाराने मोठे, त्यांची झालर मोठी व रंगीत, शिवाय खवल्यांची मांडणीही वेगळी. या शाखेला मराठी शब्दावरूनच ‘सरडा’ हे प्रजातिनाम मिळाले. जर्डन यांनी १८७० मध्ये वर्णिलेली ‘सिताना डेक्कनेन्सिस’ आता ‘सरडा डेक्कनेन्सिस’ झाली. ‘सरडा सुपर्बा’ व ‘सरडा डार्विनी’ या जाती नव्याने वर्णिल्या गेल्या. जाती दुसऱ्या प्रजातीत गेली, तरी नावातील दुसरा शब्द टिकून राहतो, हे येथे लक्षात घ्यावे.

हा केवळ नावांचा खेळ नव्हे. ‘सरडा सुपर्बा’चे वर्णन सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या सड्यावरील नमुन्यांवरून झाले. तेथे पवनचक्क्या आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी घटले, सरडे वाढले आणि सरड्यांचे वर्तनही बदलले. सर्व सरडे एकाच नावाखाली राहिले असते, तर एका सड्यावरील बदल देशभर पसरलेल्या जातीतील किरकोळ घटना ठरला असता. स्वतंत्र नावामुळे ‘पडीक’ समजला जाणारा सडा एका विशिष्ट जीवाचे घर म्हणून नोंदला जातो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. समान लक्षण असूनही दोन प्रजाती वेगळ्या का मानल्या गेल्या?
२. वर्गीकरण आणि अधिवासाचे संरक्षण यांचा संबंध आपल्या शब्दांत स्पष्ट करा.