थोडीं जहाजें व मोठी गोदी

आपली वाशी बालाघाटावरील. खाडीकांठची वाशी निराळी. तेव्हां जहाजांच्या डागडुजीशीं आम्हांस काय कर्तव्य, असें बालवाचक विचारतील. त्यांनीं गांवचा लोहार आठवावा. बैलगाड्या निम्म्या झाल्या, म्हणून अर्धी ऐरण व अर्धा भाता ठेवून चाकावर धाव चढवितां येत नाहीं.

सुकी गोदी म्हणजे समुद्रास लागून बांधलेला प्रचंड दगडी हौद. जहाज आंत घेऊन दार लावावयाचें व पाणी उपसावयाचें, म्हणजे त्याचा तळ उघडा पडून दुरुस्तीस सांपडतो. मुंबईस अशी गोदी १७५० सालीं झाली. डंकन गोदी १८१० सालीं पुरी होऊन तींतून ‘मिंडन’ हें ७४ तोफांचें जहाज त्याच सालीं पाण्यांत उतरलें. पुढें १८६३ सालीं सरकारनें हिंदी आरमारच मोडलें. गोदी मात्र बुजविली नाहीं. १९३९ सालीं महायुद्ध पेटलें, तेव्हां येथील आरमारांत लढाऊ जहाजें अवघीं आठ होतीं. तें मग झपाट्यानें वाढलें. दगडी गोदी तितक्या झपाट्यानें कोण बांधणार होतें?

आतां थोडें गणित करूं. समजा, दहा जहाजांस प्रत्येकीं दर दोन वर्षांत दोन महिने गोदी लागते. म्हणजे चोवीसपैकीं वीस महिने भरले. पांच जहाजें मोडीत काढलीं, तर दहाच महिने भरतील, व हिशेबनीस लागलाच म्हणेल, "निम्मे कारागीर कमी करा." परंतु नवीं जहाजें न आल्यामुळें उरलेलीं पांच जुनीं होत जातात. प्रत्येकास चार महिने लागूं लागले, कीं पुन्हां वीस महिने! शिवाय पांचांतील एक अडकून पडलें, तर पहाऱ्यांतील उणीव दहांतील एकाहून दुप्पट.

मला दगडापेक्षां माणसांची चिंता अधिक वाटते. रिकामी गोदी दहा वर्षांनींही उघडतां येईल. पण काढलेला कारागीर दुसऱ्या धंद्यास लागतो, आणि त्याच्या हाताखालीं शिकावयाचा उमेदवार शिकतच नाहीं. लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले ते सुतार बरोबर घेऊन. त्यांच्या घराण्यांत ही विद्या शतकाहून अधिक काळ बापाकडून मुलाकडे येत राहिली.

गोदीचें मापही जहाजांच्या संख्येवरून ठरत नाहीं, सर्वांत मोठ्या जहाजावरून ठरतें. २०१९ सालीं मुंबईच्या नौदल गोदींत विमानवाहू जहाजांसाठीं २८१ मीटर लांबीची नवी सुकी गोदी सुरू झाली. त्या वेळीं नौदलाजवळ असें जहाज एकच होतें.