युरोपातील रात्रगाड्यांची रखडगाथा

रात्री एका देशात झोपावे आणि सकाळी दुसऱ्या देशात उतरावे, हे युरोपातील शयनयान गाड्यांचे आकर्षण. प्रत्यक्षात झोपमोड जवळजवळ ठरलेली. जर्मनी-ऑस्ट्रियात रेल्वेच्या तारांतील वीज १५ हजार व्होल्टची, इटलीत ३ हजारांची. त्यामुळे सीमेवर बहुधा इंजिन बदलावे लागते. सिग्नल निराळे, चालकाची भाषाही निराळी. साल्झबुर्गला तर मध्यरात्री डबे सोडवून दुसऱ्या गाडीला जोडतात. तो धक्का थेट बर्थपर्यंत पोहोचतो. संध्याकाळी मडगावला बसून सकाळी मुंबईत उतरणाऱ्याला हा गुंता अनोळखीच!

अर्थकारणही अवघड. दिवसा एकच आसन दोन-तीनदा विकता येते, बर्थ मात्र रात्रीतून एकदाच. पॅरिस-बर्लिन गाडी ऑस्ट्रियन रेल्वेने डिसेंबर २०२३ मध्ये सुरू केली. फ्रान्सने अनुदान थांबवल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये ती बंदही केली.

युरोपीय नियमानुसार दोन तास वा अधिक उशीर झाल्यास निम्मे भाडे परत मिळते. मात्र पुढील गाडीचे तिकीट स्वतंत्र काढलेले असेल, तर ती चुकल्याचा भुर्दंड बहुधा प्रवाशाच्याच माथी बसतो.