व्यावसायिक फुटबॉलमधील बचावपटूची कारकीर्द : राहुल भेके यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

भामरागड हा गडचिरोली जिल्ह्यातील छत्तीसगडच्या सीमेलगतचा तालुका होय. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या या परिसराचा, पर्लकोटेला पूर आला की, उर्वरित जिल्ह्याशी संपर्क तुटत आला आहे. चालणे, धावणे, नदीनाले ओलांडणे हे येथील माडिया मुलांच्या नित्य जीवनाचेच अंग असल्याने त्यांच्या काटकपणाविषयी शिक्षकवर्गात कौतुकाने बोलले जाते. मात्र या काटकपणाचे खेळाडूच्या व्यवसायात रूपांतर का होत नाही, हा प्रश्न कौतुकाने सुटणारा नाही. त्यासाठी व्यावसायिक खेळाडूची कारकीर्द प्रत्यक्षात कशी घडते हे पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या दृष्टीने मुंबईचे फुटबॉलपटू राहुल भेके यांच्या कारकिर्दीचा विचार केला आहे. भेके हे बचावपटू आहेत आणि ही निवड हेतुपुरस्सर आहे.

बचावपटूचे मोजमाप :

आघाडीपटूचे काम आकड्यांत दिसते. एखाद्या स्पर्धेत त्याने पाच गोल केले तर सामना न पाहिलेल्या निवडकर्त्यालाही त्याचे नाव कळते. बचावपटूचे उत्तम काम म्हणजे न घडलेली घटना. प्रतिस्पर्ध्याला चेंडू मिळण्यापूर्वीच तो योग्य जागी उभा राहिला, तर तेथे काहीच घडत नाही आणि वहीत काहीच नोंदले जात नाही. नोंद होते ती त्याच्या चुकीची. त्यामुळे बचावपटूची पारख एका स्पर्धेवरून होत नाही. जाणत्या प्रशिक्षकाने त्याला अनेक सामन्यांत, अनेक परिस्थितींत पाहावे लागते. हा विश्वास सावकाश जमतो आणि क्षणात डळमळू शकतो.

मुंबई ते बंगळूर :

६ डिसेंबर १९९० रोजी मुंबईत जन्मलेले भेके मुंबई एफसी या क्लबकडून पुढे आले. त्यांच्या उमेदीच्या काळात मुंबईचे फुटबॉल संक्रमणातून जात होते. महिंद्र युनायटेड हा नामांकित संघ २०१० मध्ये बंद झाला. एअर इंडियाचा संघ २०१३ मध्ये आय-लीगबाहेर गेला. नोकरी आणि खेळ एकाच छत्राखाली देणारी आस्थापनांची जुनी व्यवस्था मागे पडून कराराने बांधलेल्या व्यावसायिकाची व्यवस्था येत होती. २०१४ मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग आरंभी अवघ्या दोन-तीन महिन्यांची असल्याने खेळाडू वर्षातील उरलेला काळ आय-लीगच्या क्लबकडे खेळत. ईस्ट बंगालकडे असतानाच भेके २०१५ मध्ये केरला ब्लास्टर्सकडून आणि २०१६ मध्ये एफसी पुणे सिटीकडून खेळले ते याच रचनेमुळे. एका वर्षात दोन प्रशिक्षक, दोन शहरे आणि दोन खेळपद्धती. यास कोणी भटकंती म्हणेल. परंतु बचावपटूला नजरेस पडण्याची संधी यातूनच मिळते.

२०१७ मध्ये ते बंगळूर एफसीकडे गेले आणि कारकीर्द स्थिरावली. एप्रिल २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे सुपर कपच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालविरुद्ध बंगळूर पिछाडीवर असताना बरोबरीचा गोल भेके यांनी केला व पुढे संघ ४-१ असा जिंकला. १७ मार्च २०१९ रोजी मुंबईत, म्हणजे त्यांच्याच गावी, सुपर लीगचा अंतिम सामना एफसी गोवाविरुद्ध झाला. जादा वेळेत, ११७व्या मिनिटाला, कॉर्नरवरून आलेल्या चेंडूवर भेके यांनी हेडरने सामन्यातील एकमेव गोल केला.

बचावपटू गोल कसा करतो, हे येथे थोडे उलगडून पाहिले पाहिजे. कॉर्नर मिळाल्यावर उंच आणि हेडरमध्ये तरबेज बचावपटू पुढे सरकतात. हवेतील चेंडू परतवण्याचे त्यांचे रोजचे काम तेवढ्यापुरते उलट दिशेने वापरले जाते. भेके यांची लांब थ्रो-इन हाही असाच एक उपयुक्त गुण. थ्रो-इनवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइडचा नियम लागू नसतो. त्यामुळे सीमारेषेवरून गोलसमोर पोहोचणारी फेक जवळजवळ कॉर्नरइतकी धोकादायक ठरते. जमिनीवरील खेळावर भर देणारे रसिक या तंत्राकडे काहीशा तुच्छतेने पाहतात. ते योग्य नाही. साध्या वाटणाऱ्या या फेकीमागेही सरावाने घडवलेले कौशल्य असते.

दोहा येथील दोन सामने :

जून २०१९ मध्ये थायलंडमधील किंग्ज कप स्पर्धेत कुरासाओविरुद्ध भेके यांनी भारताकडून पदार्पण केले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, १० सप्टेंबर २०१९ रोजी, विश्वचषक पात्रता फेरीत आशियाई विजेत्या कतारला त्यांच्याच भूमीवर भारताने ०-० असे रोखले. उजव्या बगलेवर भेके, डाव्या बगलेवर गोव्याचे मंदार राव देसाई, मध्ये संदेश झिंगन व आदिल खान आणि मागे गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधू अशी ती फळी होती. बचावपटूच्या व्याख्येप्रमाणे त्या रात्री काहीही घडले नाही, आणि तेच यश होते.

३ जून २०२१ रोजी त्याच शहरात, त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर, १७व्या मिनिटाला भेके यांना दुसरे पिवळे कार्ड आणि पर्यायाने लाल कार्ड मिळाले. उर्वरित सुमारे सव्वा तास भारत दहा खेळाडूंनिशी खेळला व ०-१ असा हरला. आघाडीपटूने सोपी संधी दवडली तर पुढच्या मिनिटाला भरपाई करता येते. बाहेर पाठवलेल्या बचावपटूला ती सोय नसते. तीस वर्षांच्या खेळाडूची आंतरराष्ट्रीय कारकीर्द अशा क्षणी संपूही शकते.

ती संपली नाही. त्याच वर्षी ते मुंबई सिटीकडे आले. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्यांच्या हेडरने मुंबईला २-१ असा विजय मिळाला. आशियाई चॅम्पियन्स लीगमधील भारतीय क्लबचा तो पहिला विजय होय. जानेवारी २०२४ मध्ये कतारमध्येच भरलेल्या आशियाई चषकासाठी ते भारतीय संघात होते. तेथे संघ तिन्ही सामने हरला, हेही नोंदवले पाहिजे. ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे नमवून मुंबई सिटीने सुपर लीगचा चषक जिंकला तेव्हा कर्णधार भेके होते. त्यानंतर ते बंगळूरला परतले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मलेशियाविरुद्ध आणि मार्च २०२५ मध्ये मालदीवविरुद्ध त्यांनी भारतासाठी गोल केले. दोन्ही हेडर, दोन्ही कॉर्नरवरून.

शिडीचा प्रश्न :

या कारकिर्दीत प्रतिभेइतकाच वाटा सातत्याने पाहिले जाण्याचा आहे. मुंबईतील मुलाला ती शिडी लोकलच्या अंतरावर मिळू शकते. विदर्भातून सुपर लीगमध्ये आजवर एकही क्लब उतरलेला नाही. नागपुरात विजय बारसे यांनी २००१ च्या सुमारास उभे केलेले झोपडपट्टी फुटबॉलचे कार्य मोलाचे आहे. परंतु त्याचा हेतू पुनर्वसनाचा आहे, व्यावसायिक घडविण्याचा नव्हे. भामरागडचा विद्यार्थी एखाद्या जिल्हास्तरीय स्पर्धेत एक-दोन सामने खेळून परततो. तो आघाडीपटू असेल तर कदाचित कोणाच्या लक्षात राहील. बचावपटू असेल तर त्याने सामना उत्तम खेळल्याचा पुरावाच मागे उरत नाही. त्यामुळे क्रीडाशिक्षकाने मुलांच्या सामन्यांची लेखी नोंद ठेवणे, अडवलेले चेंडू आणि हवेतील झुंजी मोजणे, शक्य तेथे मोबाईलवर चित्रण करणे, ही किरकोळ वाटणारी कामे बचावपटूच्या बाबतीत निर्णायक ठरू शकतात.

हा व्यवसाय सुरक्षित आहे, असे मात्र विद्यार्थ्यास सांगता येणार नाही. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. गडचिरोलीतील पालकाला क्लबच्या करारापेक्षा ते अधिक भरवशाचे वाटले, तर त्यास अदूरदर्शी म्हणता येत नाही. जुलै २०२५ मध्ये सुपर लीगचा पुढील हंगाम अनिश्चित काळासाठी थांबविण्यात येत असल्याचे क्लबांना कळविण्यात आले आणि ऑगस्टमध्ये बंगळूर एफसीने आपल्या मुख्य संघातील खेळाडूंचे वेतन स्थगित केले. त्या वेळी भेके चौतीस वर्षांचे होते.