तानपुरा करवून घेताना

घरात कोणी गाणे शिकू लागले, की दोनचार वर्षांनी प्रश्न निघतोच : तानपुरा घ्यावा तो कसा? आमच्या घरी हा प्रश्न निघाला तेव्हा आम्ही तो चुकीचा सोडविला. एका दुकानात नक्षीने मढविलेला, पाच फुटी, देखणा तानपुरा दिसला. मुलीसाठी साठविलेले पैसे आम्ही तेथेच मोजले. तिचा स्वर काळी पाच. तारा त्या स्वरापर्यंत चढवाव्यात तर तुटत. उतरवाव्यात तर मुलीचा गळा पोचत नसे. वाद्य वाईट नव्हते. ते तिच्यासाठी केलेले नव्हते, एवढेच.

म्हणून पवनानगरच्या श्रोत्यांना आमचे पहिले सांगणे असे, की लाकडाची चौकशी करण्यापूर्वी कारागिराला गळा सांगा. तार जितकी लांब, तितका तिचा सहज स्वर खाली. काळी एकच्या आसपास गाणाऱ्या पुरुषाला मोठा तानपुरा शोभतो. काळी चार-पाचला गाणाऱ्या बाईला आखूड दांडीचाच हवा.

असे वाद्य सांगून करवून घ्यायचे, तर वाट मिरजेची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेबांनी तेथे तंतुवाद्ये करण्यास आरंभ केला. तो धंदा त्यांच्या वंशजांनी आजवर चालविला आहे, आणि 2024 साली मिरजेच्या सतारीला व तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

मिरजेत गेल्यावर एक गंमत ध्यानात येते. परदेशी गिटार करणारा कारागीर आकार आधी रेखतो आणि लाकूड उष्णतेने वाकवून त्या आकारात बसवितो. तानपुऱ्याचे याच्या उलट. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात भोपळा जसा वाढला, तसा तो घ्यावा लागतो. मग दांडी, गळा आणि तबली त्याच्या मापाने करायची. म्हणून भोपळा स्वतः पाहावा. तो गोल असावा, साल सर्वत्र सारखी असावी, कोठे कीड वा चीर नसावी.

मग लाकूड. मिरजेचे कारागीर बहुधा तून वापरतात. ते हलके असते, आणि तबलीला हलकेपणाच हवा. स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस या कारागिराने 1862 साली एक गिटार केली. तिची पाठ व कडा कागदाच्या लगद्याच्या होत्या. केवळ वरची फळी उत्तम लाकडाची. नाद मुख्यतः वरची फळी देते, हे त्याला दाखवायचे होते. आपल्या तबलीचेही काम तेच आहे. लाकूड किती वर्षे सुकविलेले आहे, हे अवश्य विचारा. ओले लाकूड पुढे आकसते, सांधे सुटतात, दांडी वाकते.

तबलीवरची घोडी पूर्वी सांबरशिंगाची करीत. तो व्यापार आता कायद्याने बंद आहे. उंटाचे हाड वा कठीण लाकूड चालते. घोडीचा माथा किंचित गोलसर घासतात. त्यावर तार पुढेमागे टेकत राहते, खाली सुताचा धागा सरकविला की गुंजन उमलते. हीच जवारी. वाद्य ताब्यात घेताना ती आपल्याच स्वरात लावून ऐका, आणि पुन्हा कशी काढायची हे विचारून घ्या. कारण तारेने घोडी झिजली, की जवारी पुन्हा काढावीच लागते.

शेवटी एक गोष्ट, जी मिरजेच्या कारागिराला आपण सांगितल्याखेरीज कळणार नाही : हे वाद्य मावळात नांदणार आहे. तुंग-तिकोन्यावर आषाढात पाऊस कोसळतो आणि धरणाकाठची हवा महिनोन्महिने ओली राहते. या दिवसांत खुंट्या फुगून अडतात, उन्हाळ्यात त्याच सैल पडून घसरतात. तेव्हा त्या उत्तम सुकलेल्या शिसवी लाकडाच्या मागा, आणि पॉलिश कोठेही उघडे राहू देऊ नका. घरी वाद्य भिंतीला टेकवून ठेवू नये.

नक्षी? ती हवी तर अवश्य काढून घ्यावी. पण पैसे उरले तर, आणि सर्वांच्या शेवटी. आम्ही ती सर्वांच्या आधी पाहिली होती.