मनाच्या जखमेचाही पंचनामा झाला पाहिजे!

अ‍ॅट्रॉसिटीच्या केसमध्ये डोके फुटले तर डॉक्टरचे सर्टिफिकेट लागते. घर जळाले तर पंचनामा होतो. परंतु विहिरीवरून हाकललेली मुलगी शाळेचे नाव काढले की थरथरू लागली, बहिष्कृत वस्तीतल्या माणसाची झोप उडाली, तर त्याचा कागद कोण करतो? कुणीच नाही! आणि कागद नाही म्हणजे कोर्टाच्या लेखी जखमच नाही.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी हा कागद तयार केला होता. तेथे १८९६ च्या प्लेसी खटल्याच्या निकालाने ‘वेगळे पण समान’ या नावाखाली वंशभेदाला कायद्याचे कवच दिले होते. ते फोडण्यासाठी वकिलांच्या मदतीला आले केनेथ आणि मेमी क्लार्क हे कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञ दाम्पत्य. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात शिकले, तेथूनच या दोघांनी पुढे डॉक्टरेट मिळविली. त्यांची चाचणी साधी होती. रंग सोडून सर्व बाबतींत सारख्या असलेल्या बाहुल्या मुलांपुढे ठेवायच्या आणि विचारायचे, चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती?

१९५१ साली साऊथ कॅरोलिना राज्यातील क्लॅरेंडन परगण्याच्या शाळांविषयीच्या खटल्यासाठी केनेथ क्लार्क यांनी १६ कृष्णवर्णीय मुलांची चाचणी घेतली. १० मुलांनी गोरी बाहुली पसंत केली. ११ मुलांनी सावळी बाहुली वाईट ठरविली. वकिलांनी हा पुरावा कोर्टापुढे ठेवला. खालच्या कोर्टात ते हरले, तरी मागे हटले नाहीत. सुप्रीम कोर्टात थर्गुड मार्शल उभे राहिले. १७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्यात नऊही न्यायाधीशांनी एकमताने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविल्या. त्या निकालाच्या अकराव्या तळटीपेत पहिलेच नाव क्लार्क यांचे आहे. मुले थोडी होती, असे आक्षेप पुढे घेतले गेले. पण मुलाच्या मनावर उमटलेला वळ कायद्याच्या पानावर आला, तो आलाच.

आपल्याकडे तर दार कायद्यानेच उघडले आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने कलम २ मध्ये ‘पीडित’ कोण ते सांगितले. शारीरिक व आर्थिक हानीबरोबरच मानसिक आणि भावनिक हानी सोसलेली व्यक्तीही पीडित आहे. कलम १५-अ प्रमाणे जामीन, दोषसिद्धी आणि शिक्षा या प्रत्येक टप्प्यावर आपले म्हणणे मांडण्याचा पीडिताला हक्क आहे. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ नुसार तज्ज्ञाचे मत पुराव्यात येते. मग मानसशास्त्रज्ञाचा अहवाल आपल्या फाइलमध्ये का नसतो?

यात एक धोका आहे, तोही आम्ही सांगून ठेवतो. अहवाल नीट लिहिला नाही तर आरोपीचा वकील पीडिताला मनोरुग्ण ठरवून त्याची साक्षच उडवू पाहील. जातीकडे डोळेझाक करणारा तज्ज्ञ ‘घरगुती ताण’ एवढेच लिहून मोकळा होईल. म्हणून अहवालात घटनेपूर्वी माणूस कसा होता, नंतर काय बदलले आणि तो बदल कशामुळे झाला, हे तीन मुद्दे स्वच्छ आले पाहिजेत. शाळेचा हजेरीपट, शेजाऱ्यांचे जबाब यांची जोड हवी.

कार्यकर्ता बंधू-भगिनींनो, गुन्हा नोंदविला की आपण रिलीफच्या रकमेमागे धावतो. तेही केलेच पाहिजे. पण त्याच आठवड्यात पीडिताला जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्या. आधी त्याला आधार मिळेल, मग कोर्टाला पुरावा. आणि मानसशास्त्र शिकलेल्या आमच्या मुलामुलींनो, पदवी भिंतीवर टांगू नका, ती घेऊन साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहा. क्लार्क दाम्पत्याने आपल्या लेकरांसाठी जे केले, ते आपल्या लेकरांसाठी दुसरे कोण करणार?